डाव्या कानाची शिट्टी

पंजाबराव लांजेवारांचा डावा कान गेला, हे भिलाईत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक त्यांची बायको रत्नमाला आणि दुसरे ते स्वतः. त्यातही पंजाबराव मानायला तयार नव्हते, म्हणजे धरा दीडच.

माणूस मूळचा पवनीचा. मिसरूड फुटलं तेव्हा पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून लागला आणि चढत चढत क्रेनच्या केबिनीत जाऊन बसला. वितळलेल्या पोलादानं काठोकाठ भरलेली ती अजस्र बादली, लॅडल म्हणतात तिला, ती पंजाबराव अशी उचलायचे की थेंब हलू नये. खाली उभा राहून इशारे द्यायला शामराव. हा रत्नमालेचा धाकटा भाऊ, पंजाबरावांनीच गावाहून आणून चिकटवलेला. धूर नसला की हातानं इशारा, धूर असला की शिट्टी. तीन शिट्ट्या म्हणजे जागच्या जागी थांब. एवढं साधं काम, आणि एवढ्यावरच शामरावाचा जीव.

मागच्या महिन्यात शामरावानं तीन शिट्ट्या मारल्या आणि क्रेनचा आकडा थांबलाच नाही. साखळी येऊन त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट उडवून गेली. पोरगं हसरं. तक्रार केली नाही, वर बोंबललाही नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीकडे चहा पिताना गंमत म्हणून सांगून टाकलं, "ताई, भाऊजी वर झोपा काढून राहिले वाटते!" रत्नमालेच्या हातातली बशी तशीच राहिली. आपला नवरा डाव्या बाजूनं हाक मारली की वळत नाही, हे ती वर्षभर पाहतच होती.

त्यात मेडिकल आलं. क्रेनवाल्यांची तपासणी पुढच्या शुक्रवारी. आता आपल्या लोकांची मेडिकलला जायची एक रीत आहे, खोटं कशाला बोला. जो आधी जाऊन येतो तो डोळ्यांच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून येतो आणि बाकीच्यांना कँटीनमध्ये सांगतो. अर्धं खातं त्या ओळीवर पास होत आलं आहे. पण यंदा कानाचं नवीन यंत्र आलं होतं. शेजारच्या खात्यातले भैय्याजी जाऊन आले होते, त्यांनी चहा ढोसत वर्णन केलं. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आधी उजव्या कानात शिट्टी, मग डाव्या. ऐकू आली की त्या बाजूच्या हाताचं बोट वर. "ये रटने वाली चीज नहीं है, पंजाबराव," भैय्याजी म्हणाले.

पंजाबराव घरी आले ते हेच घोकत आले, की रटता येत नाही असं जगात काय आहे? सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. कानाचं का येऊ नये?

हसू नका. क्रेन गेली तर काय, ते ऐका. क्वार्टर जात नाही, पोटही मारलं जात नाही. पण माणूस खाली उतरतो. हजेरीच्या मस्टर रूममध्ये एका स्टुलावर बसवतात, येणाऱ्याला पाणी दे, फायली हलव. मथुरा नावाचा एक जुना क्रेनवाला तिथे बसायचा. एके काळी त्याच्या नावानं अख्खं खातं चालायचं, आणि आता पंजाबराव स्वतः त्याच्यापुढून रोज जात असून त्याला रामराम करायचं विसरत होते. त्या स्टुलाची त्यांना मरणापेक्षा जास्त भीती बसली होती.

घरात एक कॉम्प्युटर होता. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनियरच्या घरून लेक तारा हिच्याकरता घेतलेला. चाव्यांची पाटी, टीव्हीला जोडायची, गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटवरून खेळ चढवायचे. तारा नागपूरला कॉलेजात गेली तेव्हापासून तो क्रोशाच्या रुमालाखाली झोपला होता. जाण्याआधी पोरीनं बापाला चार ओळी शिकवल्या होत्या, अमुक लिहिलं की सूर वाजतो, तमुक आकडा बदलला की तो बारीक होतो. पंजाबराव रेडिओ दुरुस्तीत हुशार, सेक्टरातले निम्मे ट्रान्झिस्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. तेव्हा हे यंत्र घरीच बनवायचं, असं त्यांनी ठरवलं.

अडचण एकच होती. कॉम्प्युटरचा सगळा आवाज एकत्र निघायचा. हेडफोन लावला तर दोन्ही कानांत तोच सूर, मग डाव्याची परीक्षा कशी व्हायची? झाकण उघडल्यावर मार्ग दिसला. आतली आवाजाची चिप तीन निरनिराळे सूर तीन पायांतून काढत होती, आणि पुढे पट्टीवर तिघांना एकत्र बांधून टाकलं होतं. म्हणजे बांधलेलं सोडायचं. एका पायाची तार डाव्या कानाला, दुसऱ्याची उजव्याला. मोनोचा स्टिरिओ! लोक गाणं गोड लागावं म्हणून हे करतात, आणि या गृहस्थानं करायला घेतलं ते सोंगाची तालीम म्हणून.

बी शिफ्ट होती, सकाळ मोकळी. एप्रिलचं ऊन, कूलर घरघरत असलेला, तो बंद केला, कारण ऐकायला शांतता हवी. घामानं निथळत पंजाबरावांनी ब्लेडनं पट्टी कापली, सोल्डर लावलं, हेडफोनचं सॉकेट बसवलं. उजव्या कानात सूर लख्ख आला. डाव्यात काहीच नाही.

"टाका सुटला वाटते," म्हणाले. पुन्हा डाग दिला. काहीच नाही. तार बदलली. काहीच नाही. तिसऱ्यांदा सोल्डरिंग गन तापवली तेव्हा रत्नमालेनं हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला.

"येऊन राहिला ना आवाज. दोनी बाजूनं."

पंजाबरावांनी हेडफोन परत घेऊन डाव्या कानावर दाबला. मग म्हणाले, "बारीक असंन." आणि गन ठेवून दिली.

तेव्हापासून रोज सकाळी तालीम. पंजाबराव भिंतीकडे तोंड करून स्टुलावर, मागे रत्नमाला चाव्या दाबायला. भैय्याजींनी सांगितलेला क्रम तसाच. आधी जोरात, मग थांबून बारीक, मग अजून बारीक. सूर वाजला की बोट वर. पहिल्या दिवशी डावं बोट वर गेलंच नाही. तिसऱ्या दिवशी गेलं, पण भलत्याच वेळी.

"तुमी सरळ डाक्टरले सांगून कावून नाही टाकत?" रत्नमाला म्हणाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, रत्ने. उघडली की गेलो."

"अवो, पण खाली शामू उभा राहते!"

"मले ऐकू येते म्हन्तो ना!" ते खेकसले. तिनं पदर तोंडाला लावला आणि चावी दाबली. काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. नवरा उतरला तर तो खचतो, नाही उतरला तर भाऊ मरतो.

गुरुवारी चमत्कार झाला. डावं बोट बरोबर वेळी वर गेलं. पुन्हा गेलं. अगदी बारीक सुरालाही गेलं. पंजाबराव उडालेच. "बाप्पा! पाहिलं का? कान खुलला! रत्ने, आज पाटवडी कर. आणि एकदा लाव, शेवटचं."

रत्नमालेनं सॉकेटकडे पाहिलं. तिनं हेडफोनची पिन उपसून काढली आणि पदरात धरून बसली.

पंजाबरावांचं बोट वर गेलं. खाली आलं. थोडं थांबून पुन्हा वर. डोळे मिटलेले, चेहरा देवापुढे बसल्यासारखा. रत्नमाला उठून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. बोट अजून एकदा वर गेलं, आणि मग त्यांनी डोळे उघडले. तिच्या हातात पिन होती.

"पण मले ऐकू आली," पंजाबराव म्हणाले. "शिट्टी. खरंच आली, तुह्या गळ्याची आन."

"ते तुमच्या कानातच वाजते. शामूनं मारली, ते शिट्टी तुमाले आली नाही. अन् कोनीच मारली नाही, ते येऊन राहिली." एवढं बोलून तिला रडू कोसळलं.

पाटवडी झाली नाही. त्या दिवशी पंजाबराव बी शिफ्टला गेले नाहीत, आजारी असल्याचा निरोप पाठवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी काचेच्या खोलीत बसले. उजव्या कानाला बोट झटपट वर गेलं. मग डाव्याची पाळी. घोकलेला ताल डोक्यात आपोआप सुरू झाला, आणि कानातली ती हरामखोर शिट्टीही. आता, आता वर, असं ती सांगत होती. पंजाबरावांनी डावा हात मांडीखाली घातला आणि वरून अंगाचा सगळा भार टाकला.

नर्स आत आली. "बायें में कुछ सुनाई दिया?"

"नहीं, बाई," पंजाबराव म्हणाले. "साल भर से नहीं।"

बाहेर शामराव सायकल घेऊन उभा होता. भाऊजींना निघताना पाहून तो डावीकडून पुढे आला. "काय झालं भाऊजी? पास ना?" पंजाबराव तसेच चालत राहिले. शामरावानं जरा मोठ्यानं विचारलं. तरी ते चालतच होते. मग त्याचा चेहरा उतरला, त्याला त्या दिवशीचं हेल्मेट आठवलं. तो सायकल ढकलत मागून वळला, त्यांच्या उजव्या बाजूला आला, आणि पुन्हा विचारलं.