राक्षस म्हणून आणला केळीचा डॉक्टर

धुळ्यात मला अजूनही काही लोक ‘केळीवाले शेठ’ म्हणतात. माझं जळगावला पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान. केळीशी संबंध काय तो शिकरणापुरता! मग हे नाव पडलं कसं? चहा येईपर्यंत सांगून टाकतो. फक्त हसायचं ते शेवटी एकदाच हसा. मधेमधे हसलात की माझा नव्याने अपमान होतो.

आम्ही काही लोक एका जुन्या ब्रिटिश मालिकेचे वेडे आहोत. अवकाशयानं, परग्रहावरच्या लढाया, पुठ्ठ्याचे डोंगर. लहानपणी सुरतेचे मामा तिच्या कॅसेटी आणायचे, तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. धुळ्याचे दिनूभाऊ माझ्याहून वेडे. शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी ठरवलं, धुळ्यात या मालिकेच्या फॅन लोकांचा मेळावा भरवायचा. मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “फॅन लोकांचा? मग कूलरवाल्यांनीच काय पाप केलं?”

पण दिनूभाऊंनी कमालच केली. थेट इंग्लंडहून प्रमुख पाहुणा मिळवला!

त्या मालिकेत एक हिरवा राक्षस होता. अंगभर पानं, कमरेपर्यंत सोंडा, आणि चालताना डावा पाय असा ओढत यायचा. लहानपणी तो आला की मी गोधडीत. त्या राक्षसाच्या पोशाखात जो माणूस असायचा, तो आता म्हातारा झालेला, आणि भारत बघायला येणारच होता. दिनूभाऊ मेलवर मेल करत राहिले, शेवटी तो ‘येतो’ म्हणाला. मुंबईहून रेल्वेने जळगाव, आणि जळगावहून धुळ्याला आणायची जबाबदारी माझी.

आता त्याचा चेहरा कुणी पाहिलाय? बिचारा आयुष्यभर पानांच्या आत! त्याचा फोटोही कुठे मिळेना. दिनूभाऊ फोनवर म्हणाले, “शेठ, त्याच्या नावाची पाटी घेऊन उभे राहा.”

“पाटी?” मी म्हणालो. “भाऊ, ज्याला पाहून मी गोधडी ओली केली, त्याला मी पाटीवरून ओळखू? चालीवरून ओळखतो की नाही बघा!”

इथेच माझं वाटोळं झालं.

गाडी दोन तास लेट. फलाटावर मी हार घेऊन उभा. अजिंठ्यामुळे आपल्या जळगावला गोरे लोक काही नवे नाहीत, पण त्या दिवशी नेमका एकच गोरा उतरताना दिसला. उंचापुरा, पांढऱ्या मिशा, आणि देवाशपथ सांगतो, डावा पाय ओढत होता! पुढे कळलं, बर्थवर अवघडून बसल्याने त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो. हार घातला आणि माझ्या इंग्रजीत म्हणालो, “सर, तीस वर्षांपासून आम्ही तुमची वाट पाहतोय!”

तो दचकला. म्हणाला, “गाडी तशी दोनच तास लेट होती.”

काय विनोदबुद्धी! मी म्हटलं, मोठी माणसं अशीच असतात.

“सर, प्रोग्रॅमला ना?”

“हो हो, प्रोग्रॅमला. तुम्ही घेऊन जाल तिकडे.”

बसवलं गाडीत. आता तुम्ही म्हणाल, दोन तासांच्या रस्त्यात तरी कळायला नको का? अहो, बोललो की आम्ही! मीच विचारलं, “सर, इतकी वर्षं आत काढलीत, त्रास नाही झाला?”

“आत फार उकडायचं,” तो म्हणाला. “घामाने भिजून बाहेर पडायचो. पण काम आवडीचं होतं.”

मला वाटलं, पोशाखाच्या आत. तो बोलत होता काचेच्या हरितगृहाबद्दल.

मी म्हणालो, “सर, तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला दोन दिवस ताप होता.”

त्याने काळजीने माझ्याकडे पाहिलं, बॅगेतून एक गोळी काढून दिली आणि खिडकी उघडून तिकडे सरकून बसला. पारोळा येईपर्यंत काही बोलला नाही. मी ती गोळी आठवण म्हणून पाकिटात ठेवली.

धुळ्याला हॉलच्या दारात आमची मंडळी नटून उभी. कुणी चंदेरी कागद गुंडाळलेला, कुणी कूलरच्या पाइपांची सोंड लावलेली. पिंपळनेरचे गोटूभाऊ तर साक्षात हिरवा राक्षस होऊन आले होते. सासरच्या बागेतली खरीखुरी केळीची पानं पायापासून डोक्यापर्यंत बांधलेली. पाहुण्याला वाटलं, हे इथलं लोकनृत्य. त्याने हात जोडले. आणि मग तो गोटूभाऊंजवळ गेला, खिशातून भिंग काढलं, आणि त्यांच्या पोटावरचं पान निरखायला लागला.

सगळे श्वास रोखून! राक्षस राक्षसाची परीक्षा घेतोय!

पान उलटंपालटं करून त्याचा चेहरा गंभीर झाला. गोटूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “हे कुठून आणलं? याला लागण झालीय. सगळं ताबडतोब जाळून टाका.”

टाळ्या! शिट्ट्या! गोटूभाऊ तर गहिवरले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “शेठ, त्यांनी मला खरंच राक्षस मानलं.”

आत नेलं. शाल, श्रीफळ झालं. दिनूभाऊंनी पाहुण्यांची ओळख करून दिली ती मराठीत. पाहुण्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. मग भाषणाला उभा राहिला. आवाज असा खर्जातला!

“मित्रांनो, शत्रू आकाशातून पडत नाही. तुम्हीच त्याला बुटांना चिकटवून घरी आणता.”

पहिल्या रांगेने खुर्च्या पुढे ओढल्या.

“एकाला लागण झाली, की शेजाऱ्याला व्हायला वेळ लागत नाही. तिथे दयामाया दाखवू नका. मुळासकट उपटा!”

हॉल नुसता दणाणला. दिनूभाऊ मला म्हणाले, “या वयात काय डायलॉग मारतोय!” मी छाती फुगवून म्हणालो, “कुणी आणलाय?”

मागून इंदूरच्या एकाने विचारलं, “सर, मग त्याला हरवायचं कसं?”

पाहुणा पुढे वाकला. आम्हीही वाकलो.

“पाण्याचा निचरा नीट ठेवा,” तो म्हणाला. “आणि वेळेवर फवारणी करा.”

दोघा-चौघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या, पण त्या मधेच विरल्या. दिनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. पाहुण्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, समोरच्या पोराकडे दिला आणि पडद्यावर चित्र आलं. आम्हाला वाटलं, शूटिंगचे जुने फोटो. होता केळीचा घड. पुढच्या फोटोतही घड, पण करपा पडलेला. त्याच्या पुढच्या फोटोत हाच साहेब, हातात फवारणीचा पंप, शेजारी लुंगीतले चार शेतकरी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी.

“शेठ, स्टेशनवरना हमालनी तुमना नंबर दिधा,” पलीकडून कुणी आबा बोलत होते, चोपड्याकडचे केळीचे बागायतदार. “तुमी आमना केळीना डॉक्टर लई गयात का?”

मी फोन घेऊन दाराबाहेर पळालो. “आबा, मग तुमच्याकडे कोण आहे?”

“म्हातारा शे एक गोरा. बारीक, चिपाड. गाडीना मांगला डबामाईन उतरना, एकलाच उभा व्हता. आम्ही म्हणनूत, हाऊच डॉक्टर. आते तो सांगी राहिना, मी राक्षस शे!”

“आबा, पाया पडतो, ते चिडलेत का हो?”

“तो कसाले चिडी? बठ्ठा गाव हसी राहिना. त्याले भरीत खाऊ घालं, आते तो पोरेसले राक्षसनी चाल शिकाडी राहिना!”

फोन ठेवला. दिनूभाऊंना सांगावं लागलंच. ते काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाले, “दोन वर्षं त्याला मेल करत होतो, शेठ,” आणि खुर्चीत बसले. तो माणूस त्या खुर्चीत असा बसलेला मला बघवेना. डॉक्टरसाहेबांना खरं सांगितलं, तर ते इतके हसले की शाल खाली पडली. मग स्वतःच म्हणाले, “चला, मलाही तिकडेच जायचंय.”

मेळावा गोटूभाऊंवर सोपवून दिनूभाऊ, मी आणि डॉक्टर, तिघे गाडीने चोपड्याकडे. दिनूभाऊ पुढे बसले आणि सबंध रस्ता खिडकीबाहेर पाहत राहिले. दिवस कलता कलता बागेत पोचलो. एका झाडाखाली खाटेवर खरा पाहुणा बसलेला. इवलासा, काटकुळा, डोक्यावर कुणाची तरी टोपी. भोवती गाव. डॉक्टरसाहेब लगेच झाडं बघायला पळाले. दिनूभाऊंनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला.

मी पुढे होऊन माफी मागितली. म्हातारा म्हणाला, “अहो, इतकी मजा मला स्टुडिओत कधी आली नाही. तुम्ही फॅन ना? माझा कुठला प्रसंग आवडतो तुम्हाला?”

बस! माझी इज्जत परत मिळवायची संधी आली होती. मी खाटेवर टेकून सरसावलो. “सर, तो धरणावरचा! राक्षस शेवटी एकटा उभा आहे, पाण्याकडे बघतोय, आणि हळूच मान खाली घालतो. त्या नुसत्या मान खाली घालण्यात, सर, सगळ्या जगाचं दुःख! मी तो प्रसंग शंभरदा पाहिलाय. तुमचा तसा अभिनय दुसरा कुणी करूच शकत नाही!”

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, “त्या दिवशी मी आजारी होतो हो. आमच्या सेटवरच्या सुताराला पोशाखाच्या आत घातलं होतं. आणि तो मान खाली घालत नव्हता. त्याला डुलकी लागली होती.”