गळ्यातली निरगाठ

माझा नवरा मांडीत शिंग घुसून मेला.

आज वर्ष झालं. सकाळपासून लोक त्यांचा फोटो स्टेटसला ठेवून खाली लिहीत आहेत, "मुकं जनावर उपकार विसरलं."

कृपा करून असं लिहू नका. मी तिथे होते.

दिगांबर मूर्तिजापूरकडच्या खेड्यांत विहिरीतल्या मोटारी काढायचे. तीन पायांचा लोखंडी घोडा, कप्पी आणि दोर, एवढाच पसारा. कुणाचं जनावर विहिरीत पडलं की यांनाच फोन यायचा. जेवत असले तर हात धुवून निघायचे. कधी न धुताच.

त्यांची एक गाठ होती. दोराचं असं कडं, की कितीही वजन लटकलं तरी तेवढंच राहतं, आवळत नाही. आणि ताण गेल्यावर अंगठ्यानं ढकललं की मोकळं.

ते तिला जवाईगाठ म्हणायचे.

"वजन पडलं का घट्ट, काम झालं का मोकया. जवाई दुसरं काय करते?" हे माझ्या बाबांसमोर. बाबा हसायचे. मी नाही.

मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं ग्रामपंचायतीच्या वाचनालयातून उचललं. तिथल्या जुन्या शब्दकोशात एकदा सापडलं, सहज सुटते ती सुरगाठ आणि सुटत नाही ती निरगाठ. घरी येऊन यांना सांगितलं.

"पाह्य, माह्या गाठीले पुस्तकातलं नाव भेटलं. आता शाळेत घालतो तिले."

माझा दीर गजानन बरोबर उलटा. "म्या बांधलं का देवाच्या बापाले सुटत नाई," ही त्याची फुशारकी. आणि आमच्याकडे तारीफ अशाच गाठीची होते. सुटते ती गाठ लोकांना कच्ची वाटते.

त्या दिवशी रामेश्वरभाऊंचा बैल विहिरीत पडला. आमच्या आधी गजानन पोचला होता. बैल बुडत होता, म्हणून त्यानं वरून सरकता फास टाकून त्याची मान पाण्याबाहेर धरली. खोटं कशाला बोलू, तेवढ्यानंच बैल तोवर जगला.

पण घाबरलेली माणसं ओढत राहिली. फास आवळत गेला.

"ढिल द्या लेकहो, मरते थो," असं ओरडतच हे खाली उतरले.

पुढच्या पायांच्या मागून, छातीखालून दोर घेतला आणि आपली गाठ मारली. ट्रॅक्टरनं ओढलं. बैल विहिरीच्या दगडांना घासत वर आला, खांद्याचं कातडं सोलून निघालं. जमिनीवर पडला तेव्हा डोळे बाहेर आले होते आणि जीभ निळी होती.

यांनी अंगठा लावला. छातीचं कडं सुटलं.

गळ्यातलं सुटेना.

दोर भिजून फुगला होता, कातड्यात रुतला होता. विळ्याचं टोकसुद्धा खाली जाईना. हे बैलाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसून नखांनी गाठ उकरत होते. नखं फुटली होती.

"अवो, सरका तिकडं," मी म्हटलं.

"थांब वं. गुदमरून राह्यला थो."

बैलानं मान फेकली. मारायला नाही, श्वासासाठी.

शिंग मांडीच्या वरच्या अंगाला चार बोटं आत गेलं. निघालं तेव्हा रक्त माझ्या तोंडावर उडालं. काळ्या मातीत रक्त लाल दिसत नाही. नुसती ओल पसरत जाते.

मी पदर कोंबला आणि वरून गुडघ्यानं दाबून धरलं. अकोल्याला नेताना जीपमध्ये त्यांनी एकदाच डोळे उघडले.

"सुटला का थो?"

"सुटला." रामेश्वरभाऊंनी शेवटी कसाबसा दोर कापला होता.

अकोला यायच्या आधीच गेले.

तेरवीच्या दिवशी पंगत बसली होती आणि गजानन कुऱ्हाड घेऊन निघाला. "त्या मारक्याचे तुकडे करतो."

मी दारात कुऱ्हाडीचा दांडा धरला.

"बैलानं नाई मारलं त्याईले. तुह्या गाठीनं मारलं."

पंगतीतले हात थांबले. गजाननानं कुऱ्हाड सोडली, ती माझ्या हातात राहिली. त्यानंतर तो माझ्या घराची पायरी चढला नाही.

मी बोलले ते खरं होतं. परत घेणार नाही.

पण आता ते फोन गजाननला येतात. घोडा, कप्पी, दोर, सगळं त्याच्याकडे आहे. मागच्या आठवड्यात त्यानं हिवरखेडकडे एक म्हैस काढली, तिचा व्हिडिओ ग्रुपवर आला. खाली टाळ्या, फुलं, "गजूभाऊ एक नंबर".

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. फास गळ्यातच होता. म्हशीची जीभ बाहेर लोंबत होती. आणि गजानन तिच्या शिंगांमध्ये वाकून नखांनी गाठ उकरत होता.

हे बसले होते अगदी तसाच. त्याच जागी.

गजानन, तू बोलत नाहीस, पण फोन पाहतोस हे मला माहीत आहे. तेव्हा चारचौघांत बोलले होते, आज चारचौघांतच बोलावते.

दोर घेऊन ये. बोलू नको पाह्यजे तं. वसरीत बस आन् माह्या हाताकडं पाह्य, त्याईची जवाईगाठ पाहून पाहून मले येते. दोराले एक पीळ. टोक खालून वर. दोराच्या मागून वळसा, परत त्याच पिळात खाली. दोन-चार खेपा केलं का हाताले येते. आन् गळ्यात टाकाची नाई. छातीखालून.

तुले माफ केलं असं समजू नको. तुह्या बायकोचं पांढरं कपाळ पाहाची ताकद माह्यात नाई, म्हणून बलावते.

अहो, तुम्ही गेलात त्या दिवशीच्या धांदलीत तुमच्या पायांवर डोकं ठेवायचं राहून गेलं होतं. आज ठेवते.

— सुमन