मी म्यूटवर असताना बोलणाऱ्या बाई

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी समुपदेशक आहे. कुणी ‘आवाज ऐकू येतात’ म्हणालं की बिचकायचं नाही, शांतपणे विचारपूस करायची, हे शिकण्यात माझी वर्षं गेली. तरीही लिहितेय... कारण मनातून जात नाही.

लॉकडाउनचे दिवस. आमचा फ्लॅट फरीदाबादला. क्लिनिक बंद, सगळी सेशन्स फोनवर. बेडरूममध्ये कपाट आणि पलंगाच्या मधल्या फटीत जमिनीवर बसायचे मी. बाहेर कुकरच्या शिट्ट्या, नवऱ्याचे ऑफिस कॉल. समोरासमोर असताना क्लायंट गप्प झाला की आपणही गप्प बसतो – ती शांतता फार कामाची असते. फोनवर त्या शांततेत घरचा गोंधळ शिरायला नको, म्हणून तेवढ्यापुरतं मी स्वतःला म्यूट करायचे.

सुनीता (नाव बदललंय) माझी दुपारी तीनची क्लायंट. साताऱ्याकडची. नवरा फौजेत, पोस्टिंग सीमेवर. ही दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये एकटी. गावी आई गेली, हिला शेवटचं तोंडही पाहता आलं नाही. जेवण सुटलं होतं. ‘जगून काय करू?’ एवढंच म्हणायची.

महिन्याभराने एकदा म्हणाली, "ताई, तुमी गप बसता तवा त्या दुसऱ्या बाई बोलतात न्हवं... लई बरं वाटतं बघा."

"कोण दुसऱ्या बाई?"

"तुमच्याजवळ असत्यात त्या. आमच्याकडचंच बोलत्यात."

खोलीत मी एकटी होते. विचारलं, आईचा आवाज वाटतो का? "आईचा आवाज मी वळखनार न्हाई व्हय?"

घाबरायला हवं होतं. खरं सांगते, आधी माझ्या पोटात दुखलं. महिनाभर मी जीव तोडून बोलतेय, आणि ही कोण आयत्या बिळावर नागोबा? पुढच्या वेळी मी मुद्दाम म्यूट केलंच नाही.

सुनीता बोलता बोलता थांबली. वाट पाहिली. "आज त्या न्हाईत?"

"मी आहे ना," म्हटलं, आणि येत होतं-नव्हतं ते सगळं बोलले.

"ऱ्हाऊ द्या ताई. आता काय नगं मला." फोन कट.

तो स्वर मी ओळखते. लगेच परत फोन लावला. दोनदा नुसताच वाजला, तिसऱ्यांदा तिने उचलला. सगळा अभिमान गुंडाळून ठेवला आणि म्हटलं, "सुनीता, त्या आहेत. मी गप्प बसते." म्यूट केलं.

अकरा मिनिटं. मला ऐकू येत होती फक्त ती. आधी हुंदके. मग, "व्हय... न्हाई, सकाळपास्नं कायबी खाल्लं न्हाई." मग दाराची कडी, आणि शेजारणीला हाक – "वहिनी, जरा येता का? मला एकटीला ऱ्हावत न्हाई."

शेजारणीला हाक मार, हे मी महिनाभर सांगत होते हो!

सुनीता आज बरी आहे. पुढच्या सेशनला न राहवून विचारलंच, त्या नेमकं काय म्हणाल्या? ती हसली, पहिल्यांदाच. "आवं ताई, तुमच्या म्होरंच तर बोलल्या की!"

क्रॉस कनेक्शन म्हणा, तिच्या मनाचा खेळ म्हणा – मीही म्हणून बघितलंय, पटत नाही. ती वाचली याचा आनंद आहे, अगदी खरा आहे. पण त्या बाईंना जे जमलं ते मला का जमलं नाही... ही जळजळ काही केल्या जात नाही.