सोल्यूशन

दादा आजारी पडला तर मला कळवेल कोण, हा विचार गेले तीन महिने पाठ सोडत नाही. दुकानामागच्या खोलीत तो एकटाच राहतो. शेजारचा शिंपी सातला कुलूप लावून घरी जातो.

माझा हा भाऊ चपला-बूट दुरुस्त करतो. आईवडिलांमागे त्यानेच मला वाढवलं, कॉलेजात घातलं. मी गणित शिकवायला लागले तेव्हा गिऱ्हाइकांना सांगायचा, "बहीण अवघड गणितं सोडवते, मी अजून डावा-उजवाच करतोय!" वहिनी गेली आणि त्याचं बोलणं आटलं. काम करताना ओठांत खिळे धरायची सवय. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवतो.

बोलायचा तो फक्त माझ्या मुलीशी. लहानपणापासून मागे मागे फिरते म्हणून तिला 'शेपूट' म्हणायचा. सोळावं लागलं तरी शाळा सुटली की ती त्याच्याकडेच. माझी शिकवणी संपेपर्यंत तिथे अभ्यास करायची.

एकदा तिच्या मोबाइलवर मैत्रिणीला पाठवलेला निरोप दिसला: 'मामाकडून सोल्यूशन आणते. उद्या गच्चीवर.' मला कोण आनंद! पोरगी एकदाची गणितं सोडवायला लागली. मामाला पाढे येत नाहीत, तो कसली उत्तरं देणार, हे गणिताच्या बाईंच्या डोक्यात आलं नाही. बुटाचे तळ चिकटवतात त्यालाही सोल्यूशनच म्हणतात. त्या वासात तर मी लहानाची मोठी झाले.

पुढच्याच आठवड्यात दादा घरी आला. दारातच उभा राहिला.

"चिमे, पोरीच्या तोंडाला सोल्यूशनचा वास येतो."

"तुझ्या दुकानात बसते. मग काय अत्तराचा येईल?"

"माझ्या हाताला येतो. तोंडाला नाही. डबेही लवकर संपतायत. ती हुंगते गं."

मी भडकले. म्हणाले, "स्वतःला मूल नाही, म्हणून माझ्या मुलीत खोट काढतोस?"

त्याने मान हलवली आणि जिना उतरला. दुसऱ्या दिवसापासून त्याने डबे कपाटात कुलपात ठेवले. मुलगी रडत आली, "मामाने मला हाकललं." मी तिचीच बाजू घेतली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

आज दुपारी ती शाळेच्या जिन्यावर कोसळली. दप्तरात सोल्यूशनचा वास मारणारं फडकं सापडलं, सोबत बाजारातून विकत आणलेली ट्यूब. रात्री दवाखान्यातून घरी आणली, आता शेजारच्या खोलीत झोपली आहे. मी दर थोड्या वेळाने तिच्या नाकाखाली बोट धरून येते. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून घेते? दिवसातून किती वेळा? चक्कर आधी आली होती का?" सख्खी आई असून मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. "सकाळी येताना हिला ओळखणारं कुणीतरी आणा," ते म्हणाले. "ज्याच्याशी ती खरं बोलेल असं."

असा माणूस एकच आहे. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तिनेही पहिल्यांदा विचारलं ते, "मामाला सांगितलंस?"

मी सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. पण मी स्वतःला ओळखते. उजाडलं की मी पुन्हा शहाणी होईन, कारणं शोधीन, एकटीच तिला घेऊन जाईन. दोन वाजलेत. दादाची झोपमोड होईल, घाबरेल बिचारा. होऊ दे. 'माझं चुकलं' एवढं आधी म्हणायचं, मग बाकीचं. लावतेच फोन.