साडूच्या स्कूटरमागे

माझ्या साडूची स्कूटर आणि माझी स्कूटर एकाच कंपनीची, एकाच फिकट निळ्या रंगाची. माझी उलट वर्षभराने नवी. तरीही सासुरवाडीच्या दारात दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या की त्याची गाडी पाहुण्यासारखी दिसायची आणि माझी भाड्याने आणल्यासारखी. ते मला सहन व्हायचं नाही. आज लिहितानाही फारसं होत नाही, उगाच कशाला खोटं बोला.

नव्वदनंतरची वर्षं होती. माझे वडील खानदेशातून सुरतेला आले ते यंत्रमागावर, इथल्या बोलीत सांच्यावर, उभं राहायला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, इच्छापोरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागलो, अडाजणला भाड्याचं घर घेतलं, आणि स्वतःच्या पगारातून स्कूटर घेतली. यातली एकेक गोष्ट सांगताना माझी मान ताठ व्हायची. साडूचं काय? वडील मास्तर, घरात पुस्तकं आधीपासूनच, हा बँकेत. त्याला मान ताठ करावी लागतच नसे. ती जन्मतःच तशी होती.

आम्हा दोघांना दिलेल्या दोन सख्ख्या बहिणी. त्याची मोठी, माझी धाकटी. सासरे गोडादऱ्याला राहायचे, तेही सांच्यावर आयुष्य काढलेले. खरं तर ते माझ्या जातकुळीचे, माझ्या वडिलांसारखेच. पण कुठे जायचं झालं की बसायचे साडूच्या मागे. नुसते बसायचे नाहीत, झोपायचे. त्याच्या पाठीला टेकून, तोंड उघडं टाकून, भर रिंग रोडवर. माझ्या मागे बसले की स्टेपनी दोन्ही हातांनी धरायचे, आणि पहिला चौक आला की उतरून अहिराणीत म्हणायचे, "तुम्ही चाला, मी पायी येस."

साडूचं गाडीचं खूळ सगळ्या भाऊबंदांत प्रसिद्ध होतं. किक मारण्याआधी तो गाडीभोवती एक फेरी मारायचा. टायरला अंगठा, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, हॉर्न. संध्याकाळ असली तर दिवा भिंतीवर टाकून बघायचा. रविवारी प्लग काढून पुसायचा. डिकीत जादा प्लग, जादा केबल, पाना आणि घडी घातलेलं फडकं. स्टेपनीत हवा भरलेली, हे तर मी दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाहिलंच नाही. वर हेल्मेट. त्या काळी सुरतेत हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे तमाशा. गल्लीतली पोरं "मडकं आलं, मडकं आलं" करत मागे धावायची. मला वाटायचं, आता तरी हा शरमेल. तो हसून हात करायचा. वळताना हात दाखवायचा, सिटी बस थांबली की तिच्या मागे थांबायचा, डावीकडून कुणाला ओलांडायचा नाही. घाई म्हणून काही असते हे त्याला कुणी शिकवलंच नसावं.

"साडूभाऊ, मागचा टायर बघा हो, गोटा झालाय," असं तो मला दिवाळीला म्हणाला होता. सगळ्यांदेखत, फराळाची बशी हातात धरून. आता सांगतो, त्याने ते म्हटलं नसतं तर मी टायर केव्हाच बदलला असता. त्याने म्हटलं म्हणून तो टायर संक्रांतीपर्यंत चालला.

संक्रांतीला माझ्या पोराचं बोरन्हाण करायचं ठरलं. पहिलंच पोर, पहिलीच संक्रांत. काळं अंगडं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे. सासूबाईंनी घाट घातला गोडादऱ्याला, आणि दिवस निवडला वासी उत्तराणचा, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून. रथसप्तमीपर्यंत कुठलाही दिवस चालला असता. पण आम्ही मराठी माणसं सुट्टी बघतो, आभाळ बघत नाही. सुरतेत त्या दिवशी आभाळात पतंग असतात आणि रस्त्यावर मांजा. काच लावलेला दोरा गळ्याच्या उंचीवर आडवा येतो आणि दिसत नाही. दर वर्षी कुणीतरी स्कूटरवाला गळा धरून खाली बसल्याचं ऐकू यायचं.

आदल्या आठवड्यात बायको पोळ्या लाटता लाटता सहज म्हणाली, "दाजी येतील मला आणि बाळाला न्यायला. ताईला आधी आईकडे सोडून येणारेत. तुम्ही या मागून."

"मागून? मी पोराचा बाप आहे की वरातीतला बँडवाला?"

"बँडवाला पुढे असतो."

"माझी गाडी मेलीय का?"

"मेली नाही. थांबत नाही."

ती लाटणं ठेवून माझ्याकडे वळली. "परवा चौकात दोन्ही पाय घासत थांबवलीत. चपलेचा तळ गेला. ब्रेकचं काम कुणी चपलेकडून करून घेतं का?"

"फिजिक्सला पहिला वर्ग होता माझा. घर्षण म्हणजे काय ते मला नको शिकवूस."

"मला नाही, टायरला शिकवा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अहो, मी एकटी असते तर बसले असते. मांडीवर तो असणारे."

त्या रात्री जेवण गेलं नाही. माझं पोर त्याच्या बोरन्हाणाला दुसऱ्याच्या गाडीवरून जाणार. गोडादऱ्याच्या गल्लीत सगळे ओट्यावर उभे असणार, साडू हेल्मेट काढणार, सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकणार, आणि मी मागून रिकामी सीट घेऊन येणार. सात पिढ्यांत पहिला पदवीधर, रिकामी सीट घेऊन.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गाडी गॅरेजला नेली. दोन्ही ब्रेकचे लायनर नवे, केबल नवी, मागचा टायर नवा, हॉर्न, मागचा दिवा, दोन्ही बाजूंना आरसे. स्टेपनीत हवा. जे जे करून घेत होतो ते ते साडूने कधी ना कधी सांगितलेलंच निघत होतं, आणि प्रत्येक नटागणिक माझा जळफळाट वाढत होता. शेवटी हँडलवर जाड तारेची कमान बसवून घेतली, मांजा अंगावर येण्याआधी तारेला अडावा म्हणून. ही तरी त्याच्याकडे नसेल, असं वाटलं.

वासी उत्तराणच्या सकाळी साडू आला. त्याच्या हँडलवर कमान होतीच. माझ्यापेक्षा उंच.

बायको पोराला घेऊन खाली आली. काळी साडी, हातात हलव्याच्या दागिन्यांचा डबा. दोन निळ्या गाड्या शेजारी उभ्या. मी म्हटलं, "सगळं नवं घातलंय. बघून घे."

तिने पाहिलं. कमानीला हात लावला, टायरवरून अंगठा फिरवला. आणि मग, देवाशपथ, ती साडूला म्हणाली, "दाजी, एक चक्कर मारून या ना हिच्यावर."

माझ्या गाडीवर तो बसला. माझ्या! गल्लीच्या टोकापर्यंत गेला, येताना एकदा जोरात ब्रेक दाबला, गाडी रेघेत थांबली. वरच्या मजल्यावरचे शेजारी पतंग सोडून खाली बघत होते. उतरला, हात पुसले.

"ब्रेक उत्तम. गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही."

गाडीबद्दल! तो शब्द मला लागला आणि बायकोलाही बरोबर ऐकू गेला. तिने घटकाभर विचार केला. "मग मी यांच्या मागे बसते. दाजी, तुम्ही पुढे चाला. आणि अहो, तुम्ही दाजींच्या मागे. अंतर ठेवून. ओलांडायचं नाही."

"मी काय शिकाऊ आहे?"

"ओलांडलंत तर मी तिथेच उतरेन."

अशी आमची मिरवणूक निघाली. माझा रुमाल गळ्याला, पोर तिच्या आणि माझ्या मध्ये दुपट्यात गच्च, आणि समोर सबंध वाटभर साडूची पाठ. त्या पाठीचा मला इतका राग येत होता की तिच्यावरचे शर्टाचे चट्टेपट्टे आजही डोळ्यांसमोर आहेत. पूल आला. मोकळा रस्ता, वारा. सायकलवालेसुद्धा आमच्या पुढे जात होते. मी जरा मूठ पिळली की माझ्या पाठीत बायकोचं बोट टोचायचं. मूठ सैल केली की बोट निघायचं.

पूल उतरलो आणि साडूचा डावा हात वर गेला. मागचा दिवा लाल झाला. मी विचार केला नाही, दोन्ही ब्रेक दाबले. गाडी डगमगली नाही, घसरली नाही. त्याच्यामागे, मध्ये एखादी रिक्षा मावेल एवढं अंतर राखून उभी राहिली. त्याच्या कमानीवर दोरा ताणून बसला होता, गुलाबी, उन्हात दिसेल न दिसेल असा. मागच्या रिक्षावाल्याने कचकन ब्रेक दाबून, भर रस्त्यात थांबलो म्हणून शिव्या घातल्या, "अरे काका, रस्ता वच्चे शुं करो छो?" साडू उतरला, हाताला फडकं गुंडाळून दोरा तोडला, गोळा करून बाजूला टाकला, मागच्याच्या पायात यायला नको म्हणून. मग निघाला. पोर जागं होतं, डोकं वर करून पतंग बघत होतं. बायकोचा हात माझ्या खांद्यावर जसा होता तसाच होता.

गोडादऱ्याला पोचेपर्यंत मी मनात ती थांबलेली गाडी दहादा थांबवून पाहिली होती. आता कुणीतरी म्हणेल. साडूने हेल्मेट काढलं, झालेलं सांगितलं, आणि सासूबाईंनी त्याच्यावरून मीठमिरच्या उतरवल्या. "मोठा जवाई आगे व्हता म्हनीसन बरं जयं!" शेजारणींनी मान डोलावली. मोठ्या मेहुणीचा चेहरा असा फुलला होता की जणू तिनेच दोरा अडवला. पुढचा थांबला ते सगळ्यांना दिसलं. मागचाही थांबला, नाही तर त्याच्या पाठीत शिरला असता, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

"साडूभाऊंनीही छान थांबवली हं," साडू म्हणाला. "अंतर बरोबर ठेवलं होतं."

माझं कौतुकसुद्धा त्याच्याच तोंडून यावं! मी हसलो. काय करणार. पोराच्या डोक्यावरून बोरं ओतली, पोरं तुटून पडली, एक बोर माझ्या पायाशी आलं ते मी उचलून खाल्लं. आंबट निघालं.

संध्याकाळी निघायच्या वेळी साडू आपल्या गाडीशी उभा राहून वाट बघत होता. आम्ही त्याच्या मागोमाग निघायचं, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. बायको पोराला घेऊन सरळ माझ्या गाडीपाशी आली, बसली, पदर खोचला, दुपटं आवळलं.

"दाजी, तुम्ही ताईला घेऊन व्हा पुढे. आमचं आम्ही येऊ."

साडूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. समोर पाठ नव्हती. मी कुणी न सांगता हळू चालवत होतो, वर बघत, तुटलेले दोरे बघत, चौकाआधीच वेग कमी करत. पोर मध्ये झोपून गेलं. त्याचं डोकं माझ्या पाठीला टेकल्याचं मला कळत होतं. पुलाच्या मध्यावर आल्यावर मला राहवेना.

"काय गं, दाजींच्या मागे एवढी शांत झोप लागली असती का त्याला?"

"झोपलेल्याला काय कळतं, कुणाच्या मागे आहे ते?"

"तुला विचारतोय."

मी उत्तरासाठी मान किंचित मागे वळवली.

"अहो," ती म्हणाली, "समोर बघा."