विमानाची उजवी बाजू

आमचे हे दात बनवतात. म्हणजे लोकांचे. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि हे लॅबमध्ये बसून कवळ्या आणि कॅपा करतात. त्यातही ह्यांची ख्याती रंगासाठी. दात पांढरा असतो हे तुमच्या-माझ्यासारख्यांचं मत. ह्यांच्या मते तो मुळाशी पिवळट, टोकाला निळसर आणि मधे माणसागणिक वेगळा. पहिल्या भेटीत हे माझ्याकडे टक लावून बघत होते तेव्हा मी लाजले होते. नंतर कळलं, दात बघत होते.

दिवसभर खोट्याला खऱ्याचा रंग द्यायचा आणि घरी येऊन त्याचं प्रायश्चित्त घ्यायचं, असा ह्यांचा दिनक्रम. प्रायश्चित्त म्हणजे विमानं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो. खेळ म्हटलेलं ह्यांना खपत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. त्यात जुन्या युद्धातली विमानं असतात आणि हे त्यांना रंग देतात. अमुक तुकडीतल्या अमुक वैमानिकाचं विमान, पंखावरचा रंग कुठे उडालेला, कुठल्या पत्र्याला ठिगळ, इथपर्यंत सगळं फोटोवरून पडताळून. झालं की सगळ्यांना फुकट. जगभरचे लोक आपापल्या घरी ती विमानं उडवतात आणि विजेचं बिल आमच्याकडे येतं.

ह्यांचा एक नियम होता. ज्याचा पुरावा नाही, ते रंगवायचं नाही. विमानाची एकच बाजू फोटोत असेल तर दुसरी नुसती करडी सोडायची. लोक चिडायचे, अर्धं विमान काय उडवायचं म्हणून. हे उत्तर लिहायचे, उरलेलं सापडलं की देतो. मी म्हणायची, अहो, खेळणाऱ्याला कुठे कळतंय? त्यावर मला जे ऐकावं लागायचं ते सांगत नाही.

अशात लॅबमध्ये एका आजींच्या कवळीचं काम आलं. वय नव्वदीला टेकलेलं, पण हट्ट असा की दात माझ्याच दातांसारखे हवेत. पुरावा म्हणून त्यांनी डॉक्टरांबरोबर एक फोटो पाठवला. दोन वेण्यांची एक मुलगी सगळे दात दाखवून हसतेय, शेजारी गणवेशातला तिचा भाऊ, आणि दोघांच्या मागे लढाऊ विमान. ह्यांनी दात एक दिवस पाहिले आणि विमान आठवडाभर. कवळी पोचवायचं काम ह्यांचं नाही, तरी स्वतः घेऊन गेले.

आजींनी त्या दिवसाची हकिगत सांगितली. विमानाच्या उजव्या बाजूला, वैमानिक बसतो त्याच्या खाली, भावाने तिच्यासाठी काहीतरी काढलं होतं. काय ते सांगितलं नव्हतं, दाखवणार होता. पण त्या बाजूला ऊन डोळ्यांवर येत होतं, फोटो काढणारा घाईत होता, म्हणून डाव्या बाजूला उभे राहिले. उजवी बाजू पुढच्या वेळी, असं भाऊ म्हणाला. पुढची वेळ आलीच नाही. तो गेला आणि विमानही गेलं.

"मला ती बाजू बघायची आहे," आजी म्हणाल्या. "डोळे आहेत तोवर."

मग आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. ह्यांनी संग्रहालयांना लिहिलं, तुकडीतल्या माणसांच्या नातवंडांना शोधून काढलं, कुणाकुणाच्या माळ्यावरचे अल्बम उघडायला लावले. डावी बाजू केव्हाच रंगवून झाली होती, उजवी करडीच राहिली. आजी अधूनमधून फोन करून काही लागलं का विचारायच्या आणि फोन ठेवल्यावर ह्यांना जेवण जायचं नाही.

आता माझ्या भावाबद्दल. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. जुने फाटके फोटो नवे करून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे ठाण मांडून बसायचा. ह्यांना सख्खा भाऊ नाही, त्यामुळे मेव्हण्याचं इतकं कौतुक की आपण दोघांच्या मधे येतोय की काय असं मला वाटावं. सिम्युलेटर ह्यांनीच त्याला शिकवलं. फक्त ह्यांनी इंधनाच्या टाकीच्या झाकणाचं पुराण लावलं की तो मोबाईल बघत बसायचा. पुराण असं: खऱ्या विमानाला ते झाकण फक्त डाव्या अंगाला होतं. सिम्युलेटरवाल्यांनी आळस करून अर्धंच विमान बनवलं आणि आरशात दिसतं तसं उलटं करून दुसरीकडे चिकटवलं, म्हणून झाकण दोन्हीकडे आलं. ह्यांनी त्यांना तक्रारी लिहून लिहून थकवलं होतं. मला ते सगळं पाठ होतं.

एक दिवस भाऊ एक फोटो घेऊन आला. म्हणाला, एका गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या अल्बममध्ये मिळाला, वडील त्याच तुकडीत मेकॅनिक होते. विमानाची उजवी बाजू होती. तिच्यावर झोक्यावर बसलेली, दोन वेण्यांची मुलगी होती. ह्यांनी त्याला घट्ट मिठी मारली. इतक्या वर्षांच्या संसारात अशी मिठी माझ्या वाट्याला आलेली नाही, पण त्या दिवशी मलाही त्याचा अभिमान वाटला.

ह्यांनी ती मुलगी विमानावर रंगवली आणि आम्ही तिघं लॅपटॉप घेऊन आजींकडे गेलो. आजींनी पडद्याला नाक लावून पाहिलं. मग हात आपल्या डोक्याकडे नेला. वेण्या माझ्याच आहेत, म्हणाल्या, आणि ह्यांनी बनवलेल्या दातांनी मोकळ्या हसल्या. ते चित्र छापून घेऊन त्यांनी पलंगासमोर लावलं. माझा भाऊ कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता.

काही महिन्यांनी सिम्युलेटरवाल्यांना अक्कल आली आणि त्यांनी उजवीकडचं झाकण काढलं. ह्यांनी घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. आपल्या रंगकामातलंही झाकण पुसायला बसले आणि पडताळायला मेकॅनिकचा तो फोटो समोर घेतला. मी चहा घेऊन गेले तर भिंग हातात धरून नुसते बसलेले.

"इकडे ये. इथे काय दिसतं?"

"झाकण," मी म्हणाले.

"बाजू कुठली?"

उजवी, म्हणता म्हणता मला ते पुराण आठवलं.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं होतं. हे झाकण ह्यांनी पडद्यावर वर्षानुवर्षं रोज त्या जागी पाहिलेलं. नको तिथे असूनही ते खटकलं नाही, कारण डोळ्यांना तिथेच बघायची सवय. खऱ्या विमानाच्या फोटोत ते असणं शक्य नव्हतं. फोटो आमच्याच कॉम्प्युटरमधून निघाला होता.

आम्ही तसेच स्टुडिओत गेलो. भावाने आढेवेढे घेतले नाहीत. त्याने मुलीचं चित्र स्वतः काढून ह्यांच्याच विमानावर चिकटवलं, सिम्युलेटरमध्ये त्या बाजूचा फोटो काढला, त्यावर डाग आणि ओरखडे पाडले. गिऱ्हाईक नव्हतं आणि मेकॅनिकही नव्हता.

"भाऊजी, म्हातारी मरायला टेकलीय," तो म्हणाला. "तुमचा करडा पत्रा बघत मेली असती. मी तिला हसवलं. माझं काय चुकलं?"

"तिच्या भावाने काय काढलं होतं ते तुला माहीत होतं?"

"कुणालाच माहीत नाही."

"तेवढंच खरं होतं रे तिच्याजवळ," हे म्हणाले. "आणि ते तू माझ्या हातून पुसून घेतलंस."

परक्याने फसवलं असतं तर हे चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. घरच्या माणसाने केसाने गळा कापला की ओरडायची पण पंचाईत. आपलेच दात, आपलेच ओठ. भावाचा हेतू चांगला होता हे मला पटतं, आणि त्यामुळेच माझा राग जात नाही. वाईट हेतूने केलं असतं तर एव्हाना मी त्याला माफ केलं असतं. घरी येताना हे एवढंच म्हणाले, की मी त्याला भाऊ समजत होतो.

आजींना सांगू नका, असं मी हजारदा विनवलं. हे ऐकतात थोडेच! विमानाची उजवी बाजू पुन्हा करडी केली, खाली लिहिलं की आधीचा पुरावा खोटा होता, चूक माझी, आणि लॅपटॉप उचलून निघाले. मला मागोमाग जावंच लागलं.

ह्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आजींनी एकच विचारलं.

"मग माझ्या भावाने काय काढलं होतं?"

"माहीत नाही, आजी. आता बहुतेक कळणारही नाही."

आजींनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं.

"तुम्ही दिलेले दात खोटे आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून ते चालले." आणि पुढे म्हणाल्या, "आधी रोज वेगळं असायचं. कधी पतंग, कधी आमची मांजर, कधी नुसतं माझं नाव. डोळे मिटले की तो मला न्यायचा त्या बाजूला आणि दाखवायचा. हे चित्र आलं आणि त्याने दाखवायचं बंद केलं."

ह्यांनी भिंतीवरचं चित्र उतरवलं. लॅपटॉप उघडून करडी बाजू त्यांच्यासमोर धरली आणि सांगितलं की सगळं पुसलंय, आता होतं तसंच आहे. आजी पुढे वाकल्या, पडद्याला नाक लावून त्यांनी तो रिकामा पत्रा इकडून तिकडे पाहिला.

"नाही पुसलं," त्या म्हणाल्या. "तिथेच बसलीय ती अजून."