अनुसयाबाईचं नख

सेलूच्या डाकबंगल्यातले सात कडुनिंब म्हणजे अनुसयाबाईचा जीव की प्राण. बहात्तरच्या दुष्काळात ती तिथं रोजंदारीवर लागली आणि डोक्यावर घागरी वाहून तिनं ती रोपं जगवली. घरच्या पोरी पाण्यासाठी ओरडायच्या, पण झाडांचं पाणी कधी चुकलं नाही.

आणि त्र्याऐंशीत त्याच झाडांवर संकट यावं! पानं पिवळी पडून गळायला लागली, फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्या. काड्यांवर मोहरीएवढे तपकिरी खवले, जणू सालच फुटून आलेली. 'सालीचा रोग' म्हणत लोक पुढं जायचे. बाईनं काडीनं एक खवला उचकटला, तर खाली रस पीत बसलेला किडा! मेल्याचा केवढा थाट!

बंगला ज्यांच्या ताब्यात, त्या बांधकाम खात्याच्या साहेबांनी बजावलं, "महिनाभरात कीड गेली नाही, तर झाडं तोडायची."

बाईनं पदर खोचला. वाळक्या काड्या छाटून जाळल्या. साबणाच्या पाण्यात थोडं घासलेट घुसळून दर आठवड्याला पंपानं फवारलं. कुऱ्हाडवाला डोमाजी खिदळला, "बाई, झाडाले आंघोळ घालून राह्यली काय?"

"हो. तुले बी घालू काय? लई दिवस झाले असन!"

महिन्यानं साहेब आले. खवले जिथल्या तिथं. "एकही गळला नाही. डोमाजी, घाल कुऱ्हाड."

बाई खोडापुढं उभी राहिली.

"थांबा न साहेब! चिकटून हाय म्हनून जितं हाय काय?"

धावत जाऊन तिनं कुंपणाबाहेरच्या, न फवारलेल्या निंबाची फांदी आणली. खवला नखाखाली दाबला. पचकन पिवळं पाणी निघालं. "हे जितं. आता आपल्या झाडाचं दाबा, तुमच्याच नखानं."

साहेबांनी दाबलं. कोरडा भुगा. दुसऱ्या फांदीवर भुगा, तिसऱ्या झाडावरही भुगाच.

"बाई, हे शिकलात कुठं?"

"पोरींच्या डोक्यात! लीख मेली तरी केस सोडत नाई, साहेब. नखावर वाजली तं जिती."

साहेब पोट धरून हसले आणि तोडणीचा हुकूम त्यांनी तिथंच रद्द केला. बाई खोडाला मिठी मारून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून डोमाजीकडं वळली.

"कुऱ्हाड ठेवून येजो अन् पंप उचलजो. कुंपनाबाहेरच्या निंबाचा फवारा अजून बाकी हाय."